रुपचंदची हाक

सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा आणि शिरपूर यांच्या मधे कुठेतरी उमरपाडं आहे. त्या गावात नवा माणूस आला आणि त्यानं रुपचंद आबाला पाहिलं, तर हा जन्माचा मुका असावा असंच त्याला वाटेल. आबा ओट्यावर बसून असतो. कुणी रामराम घातला तर मान हलवतो. शेळी दुसऱ्याच्या वावरात शिरली तरी तिला हाकारत नाही. उठतो, तिच्यापर्यंत चालत जातो आणि कान धरून घेऊन येतो. पण गावातल्या जुन्या माणसांना विचारा. चोपड्यापासून शिरपूरपर्यंत याच्यासारखा गळा नव्हता, असं ते सांगतील, आणि सांगताना आवाज जरा खाली घेतील.

हा गळा त्याला ज्वारीनं दिला. लहानपणी बापानं त्याला पाखरं राखायला माळ्यावर बसवलं. बाकीच्या पोरांना गोफण लागायची, याला कधी लागली नाही. यानं नुसतं तोंड उघडलं की आपल्याच काय, शेजारच्या तीन वावरांतली पाखरं उठायची, आणि शेजारी फुकटात राखण झाली म्हणून खूश. पुढे लग्न झालं, मंजुळाबाई घरात आली. ती मोजकं बोलणारी. पहिल्याच आठवड्यात तिनं सासूला हळूच विचारलं म्हणतात, की हे रागावलेत की मीठ मागताहेत? सासू म्हणाली, मीठ मागतोय. रागावला की तो गप्प बसतो. ही गोष्ट गावानं वर्षानुवर्षं चघळली आणि रुपचंदनं स्वतःही ती तिखटमीठ लावून सांगितली.

नवराबायकोचं एकमेकांवर प्रेम होतं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण आपल्याकडे ते कुणी सांगत नाही. शेतातून निघताना तो बांधावरून एक हाक द्यायचा, आणि तो घरी पोचेपर्यंत कळण्याची भाकरी तव्यावर पडलेली असायची. त्याच्या हाकेतला फरक तिला बरोबर कळायचा. सहज दिलेली कोणती, घाईची कोणती, बैल बिथरला म्हणून मदतीला बोलावणारी कोणती. गावाला ती सगळी बोंबच वाटायची.

गावाच्या वरच्या अंगाला शेवटचा बांध संपला की अभयारण्य सुरू होतं. तिथे दरवर्षी माघात, गवत वाळून कुरकुरीत झालं की, वनखातं आपल्या हातानं आग लावतं. शहरातल्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. जनावरांसाठी राखलेलं रान तुम्हीच जाळता? पण कारण साधं आहे. वैशाखात कुणाच्या विडीनं किंवा मोहफुलं वेचणाऱ्यानं झाडाखाली पेटवलेल्या पाल्यानं वणवा सुटला, तर तो अख्खा डोंगर खाऊन जातो. म्हणून गवताचा एक लांब पट्टा आधीच, वाऱ्याचा अंदाज घेऊन, माणसं उभी करून जाळून ठेवायचा. वणवा तिथवर येतो आणि खायला काही उरलं नाही म्हणून विझतो. या पट्ट्याला जाळरेषा म्हणतात. तिथे पुढे कोवळं फुटलं की चितळं चरायला येतात, हा वरचा फायदा.

या कामाला गावातली माणसं लागायची. हिरव्या फांद्या घेऊन ती पट्ट्याच्या कडेनं उभी राहायची आणि बाहेर पडू पाहणारी आग झोडपून आत ढकलायची. पण काडी लावण्याआधी एक गोष्ट व्हायलाच पाहिजे असा रिवाज होता, आणि तो कुणा साहेबानं घातलेला नव्हता. आधी हाक जायची. माणूस निघा, ढोर निघा, ससा-तितर निघा, आग येते आहे. पट्ट्याच्या तोंडाशी उभा असलेला माणूस ही हाक द्यायचा, पुढचा ती उचलून त्याच्या पुढच्याला द्यायचा, अशी ती शेवटच्या टोकाला पोचायची. मग तिकडून उलट शब्द निघायचा, 'खाली शे', म्हणजे आत कुणी नाही. तो शब्द तोंडातोंडी परत तोंडाशी आला की हाकवाला डोक्याचा रुमाल सोडून हलवायचा, आणि मगच काडी ओढली जायची. तोवर कुणी विडीसुद्धा पेटवत नसे. हाकवाला अर्थातच रुपचंद. वर्षाचे बाकीचे महिने तो दोन एकरांचा कुणबी असायचा, पण माघात त्याच्या रुमालावाचून साहेबाचंही अडायचं, आणि त्या महिन्यात त्याची चाल बदलायची. माणसाला एवढा मान पुरतो. त्यासाठी त्याच्याकडून काय वाट्टेल ते करून घेता येतं, हेही खरं.

तसंच झालं. तेव्हा तिथे एक गार्ड होता, पुढे बदलून गेला. रानातलं मारवेल गवत कापून नेणाऱ्या बाया त्याच्या हाती लागत नव्हत्या. उन्हाळा जवळ आला की गावात चारा नसतो आणि बांधापलीकडे कमरेएवढं गवत नुसतं वाळत असतं, बाया जाणारच. एके दिवशी तो रुपचंदला म्हणाला की आज आग नाही, पण तुम्ही एक हाक टाका, बघू कोण कोण निघतं ते. रुपचंदला ती गंमत वाटली. त्यानं हाक टाकली. गवतातून बाया भारे टाकून, साड्या सावरत, जिवाच्या आकांतानं पळत बाहेर आल्या, थेट गार्डच्या पुढ्यात. विळे गेले, भारे गेले, दिवसभर चौकीवर बसावं लागलं. गार्ड पोट धरून हसला, आणि रुपचंदही हसला.

त्या संध्याकाळी मंजुळाबाईनं ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. मग म्हणाली, "आग नव्हती, तं हाक कसाले दिधी?"

रुपचंद चढला. त्या बाया चोर आहेत, म्हणाला. खात्यानं आपल्याला विश्वासानं उभं केलंय, म्हणाला. आणि शेवटी एक वाक्य बोलला, ते मात्र आवाज न चढवता. "तू कधी सापडनी ना, तं साहेबसना समोर मनी मान खाले व्हयी." मंजुळाबाई उठून चुलीपाशी गेली. विषय तिथेच मिटला असं रुपचंदला वाटलं.

पुढल्या माघातली गोष्ट. घरी म्हैस नुकती व्यालेली, वैरणीची गंजी तळाला गेलेली. जाळरेषेच्या कामावरची माणसं तेव्हा चौकीवरच मुक्कामाला असत, रुपचंदही तिकडेच होता. जाळायचं बुधवारी ठरलं होतं आणि गावाला ते माहीत होतं. पण मंगळवारी सकाळीच जळगावहून पाहुणे येऊन थडकले. गळ्यात दुर्बिणी, डोक्याला टोप्या, अभयारण्य बघायला आलेले. त्यांना आगीचं काम बघायचं होतं आणि बुधवारी कुणाला वेळ नव्हता. झालं, आग मंगळवारवर आली. कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजायला टाकली, झाडाखाली खुर्च्या मांडल्या, आणि रुपचंदला सांगितलं की आबा, आज हाक अशी द्या की पाहुण्यांनी जन्मभर लक्षात ठेवली पाहिजे.

त्यानं तशीच दिली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. 'खाली शे' परत आलं, त्यानं रुमाल हलवला.

मंजुळाबाई सापडली ती दुपारनंतर, पट्ट्याच्या मधे पळसाच्या तीन झाडांजवळ एक खोलगट जागा आहे, तिथे. ती पळालेली नव्हती. गुडघे पोटाशी घेऊन बसलेली होती, तोंडावर पदर घट्ट ओढलेला. तिला उचलली तेव्हा अंगाखाली विळा सापडला. तो तिनं अंगाखाली दाबून धरला होता. आग लागलेलं माणूस विळा कशाला लपवेल, हा प्रश्न त्या दिवशी तिथल्या प्रत्येकाला पडला असणार. पण कुणी तो तोंडावाटे काढला नाही.

लोकांनी रुपचंदला दुसरं काहीतरी दिलं. वारा, म्हणाले. वारा उलटा होता, आबा, हाक तिच्यापर्यंत पोचलीच नाही. साहेबही तेच म्हणाले, पंचही तेच म्हणाले, मुलगा दीपक बापाच्या पाठीवर हात ठेवून तेच म्हणाला. रुपचंदनं तो वारा घट्ट धरला. हाक ऐकू गेली नसेल तर दोष वाऱ्याचा, फार तर त्याच्या गळ्याचा. ऐकू गेली असेल तर? पण हे 'तर' त्यानं कधी पुढे जाऊ दिलं नाही. ती खोलगट जागा बांधापासून दिसते. तिथे जाऊन उभं राहायचं आणि पट्ट्याच्या तोंडाशी दीपकला हाक द्यायला सांगायचं, एवढंच करायचं होतं, खात्री झाली असती. इतक्या वर्षांत तो तिकडे फिरकला नाही. बांधापलीकडे पाऊलच टाकलं नाही. आवाज तर त्यानं तेव्हाच सोडला.

आता खात्यानं हाकवाला ठेवलेला नाही. गाडीवर भोंगा असतो. त्यात आधीच भरून ठेवलेला बाईचा शुद्ध आवाज असतो. नागरिकांनी वनक्षेत्राबाहेर यावे, असं ती बाई गोड गळ्यानं सांगते. गाडी कडेनं एक फेरी मारते आणि मग काडी लागते. शब्द परत यायची कुणी वाट बघत नाही, कारण भोंग्याला 'खाली शे' कोण म्हणणार?

यंदाही पाहुणे आले होते, आणि गावाला तिसऱ्या प्रहराचं सांगितलेलं असताना भोंगा सकाळीच सुरू झाला. आबा ओट्यावर बसला होता. भोंगा ऐकला की तो उठून आत जायचा, तसा तो उठला, तेवढ्यात रत्ना धावत आली. रत्ना म्हणजे त्याच्या चुलतभावाची बायको. डोक्यावरचा पदर पडलेला, आबासमोर ती तशी कधीच आली नव्हती. तिची सून मेघा, जामनेरकडची, लग्नाला दोन वर्षं झालेली, पहाटेच विळा घेऊन बांधापलीकडे गेली होती. भोंगा वाजतोय आणि पोर बाहेर येत नाही. आबा, तुम्ही चला, तुम्ही हाक द्या, असं ती म्हणत राहिली.

आबानं मान हलवली. मग फार दिवसांनी बोलला, तेही घशातल्या घशात. माझी हाक घरच्या बाईला ऐकू गेली नाही, तुझ्या सुनेला काय जाणार.

रत्नानं पदर डोक्यावर घेतला आणि खाली बघून सांगून टाकलं.

"तिनी ऐकी व्हती, आबा. मी संगे व्हतू. मी म्हनं, पयूत. ती म्हने, त्यास्ना आवाज शे. आग खरी का खोटी देव जाने, पन साहेबसना समोर मी निंघनू तं त्यास्नी मान खाले व्हयी. तू पय, म्हने. आनि विळा दाबीसन बठी गयी."

रत्ना नाल्यानं पळाली आणि वाचली. मी त्या दिवशी घरीच होते, असं तिनं जगाला सांगितलं. गवतचोर म्हणून नाव नको होतं हे एक, आणि आबाला हे कोणत्या तोंडानं सांगायचं हे दुसरं. तिला दोष देणाऱ्यानं आधी तिच्या जागी उभं राहून बघावं.

भोंगा वाजत होता. आबा ओट्यावरून उतरला आणि चालायला लागला, आणि पांदीच्या वाटेला लागल्यावर पळायला लागला. साठी ओलांडलेला माणूस, धोतर वर खोचून, बांध ओलांडून ज्या रानाचं तोंड बघत नव्हता त्यात शिरला. पट्ट्याच्या तोंडाशी सगळं तयार होतं. पाठीवर पाचोळा उडवायची फुंकणी यंत्रं घेतलेली पोरं, पाण्याची टाकी, झाडाखाली खुर्च्या, आणि एक तरुण साहेब पाहुण्यांना समजावून सांगत होता की आगीनंच आग कशी अडते. बोलणं चांगलं होतं त्याचं, खोटं त्यात काही नव्हतं. एका पोराच्या हातात पेटता टेंभा होता. आबा सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. साहेब पुढे आला, कोण म्हातारा म्हणून विचारू लागला, कामावरच्या शालिग्रामनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि साहेब थांबला.

आबानं तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली. दुसऱ्यांदा घोगरा फाटका आवाज आला, त्यावर पाहुण्यांपैकी कुणीतरी हसलं. तिसऱ्यांदा हाक आली, आणि पट्ट्याच्या कडेचे तितर भर्रकन उठले.

"निंघा हो... मी रुपचंद बोली रायनू. आग खरी शे. कोनी काही म्हनाव नही. निंघा."

माणूस निघा, ढोर निघा हे जुने शब्द त्यानं वगळले. कोनी काही म्हनाव नही, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. रत्ना मागून येऊन पोचली होती आणि हात जोडून उभी होती. गवत हललं. बऱ्याच अंतरावर, पळसांच्या अलीकडे, मेघा उभी राहिली. कमरेएवढ्या गवतातून ती चालत आली, डोक्यावर भारा, हातात विळा. भारा तिनं टाकलासुद्धा नव्हता. कुणी काही म्हणणार नाही असं आबानं सांगितलं होतं ना.

ती बाहेर आली आणि तिथल्या नव्या गार्डनं तिच्या हातातून विळा काढून घेतला.

आबा साहेबाकडे वळला. ही माझ्या हाकेवर आलीय, म्हणाला, हिला जाऊ द्या. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं आबाला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला. आबा, तुमच्यामुळे एक जीव वाचला, मी वर कळवतो, म्हणाला. पण अभयारण्यात गवत कापणं गुन्हा आहे, पाहुण्यांसमोर सोडून दिलं तर माझ्यावर येईल, उद्या आणखी दहा जणी शिरतील. चौकीवर बसवू, संध्याकाळी सोडू, मारझोड नाही काही. पाहुण्यांतल्या एका बाईनं मेघाला पाण्याची बाटली दिली आणि दुसऱ्यानं तिचा फोटो काढला. गार्डनं भारा उचलून परत गवतात भिरकावला. मग टेंभा लावला आणि सगळ्यात आधी तो भाराच पेटला.

आबा मेघाजवळ गेला. काहीतरी बोलायला हवं होतं, पण त्याच्याकडे होता नव्हता तो आवाज संपला होता. मेघा रडत नव्हती. ती आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होती. मग तिनं मान वर केली.

"भोंगा मी ऐका व्हता, आबा. तरी बठेल व्हतू. तुमनं नाव ऐकं, तुमना आवाज शे हाई समजनं, म्हनीसन निंघनू."

एवढं बोलून ती गार्डच्या मागून चौकीकडे चालायला लागली. रत्ना तिच्यामागे गेली. जाताना तिनं आबाकडे बघितलं नाही.

आग पट्टाभर शहाण्यासारखी चालत गेली आणि दिवस कलताना विझली. पाहुणे भरीत खाऊन गेले. आबाला घरी न्यायला दीपक आला होता, त्याला आबानं हातानंच थांब म्हणून सांगितलं आणि तो त्या काळ्या, अजून गरम असलेल्या रानातून एकटा चालत गेला. पायातल्या चपलांचा जळका वास यायला लागला होता. पळसांजवळची ती जागा त्याला कुणी दाखवावी लागली नाही. तिथे उतरून तो खाली बसला, गुडघे पोटाशी घेतले, तोंडावर उपरणं ओढलं. वारा त्या दिवशीसारखाच उलटा होता. लांब पट्ट्याच्या तोंडाशी कामावरची माणसं सामान आवरत होती, उतरताना ती मुंग्यांएवढी दिसली होती. त्यांतल्या शालिग्रामनं कुणाकडे तरी चुना मागितला. दुसरा म्हणाला, माझ्याकडचा संपला, छगनला विचार. आबाला दोघांचा शब्द न् शब्द ऐकू आला.